एका खेळाचे अनेक भाव

सन २०२३ च्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. फराळाच्या ताटावर तो सुरू झाला, माजघरांत वाढला आणि तिसऱ्या दिवशीं आमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन पोंचला. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू तेव्हां नववींत होता. मुलगा हुशार, अभ्यासांत बरा. पण हल्लींच्या बहुतेक मुलांप्रमाणें त्यालाहि संगणकावरील खेळांचा, ज्यांस व्हिडिओ गेम म्हणतात त्यांचा, मोठा नाद. दिवाळीच्या भेटीचे म्हणून मामाकडून व आत्याकडून मिळालेले अठराशें रुपये त्याच्यापाशीं जमले होते, आणि त्यास हवा असलेला खेळ २,४९९ रुपयांस होता. त्याच्या एका शाळासोबत्यानें त्याला युक्ति सांगितली. आपण तुर्कस्तानांत राहतों असें त्या दुकानास भासवावें, म्हणजे तोच खेळ बाराशेंच्या आंत पदरांत पडतो. व्ही. पी. एन. नांवाची, इंटरनेटची वाट परदेशांतून फिरवून आणणारी, एक सोय असते. ती घ्यावयाची, आणि तुर्की चलनाचें एक गिफ्ट कार्ड कोणाकडून तरी विकत आणावयाचें. झालें काम.

मुलाचे वडील, म्हणजे आमचे पुतणे, यांनीं "तुर्कस्तानांत राहतों असं लिहिणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे," असा निकाल दिला. सूनबाईंचें म्हणणें असें पडलें, कीं पैसे मुलाचे स्वतःचे आहेत आणि निम्म्यांत मिळत असेल तर एवढें काय बिघडलें? आमच्या वहिनी पंचाऐशीच्या घरांत आहेत. त्यांनीं "तुर्कस्तान कुठं, आपण कुठं," एवढेंच विचारलें आणि करंज्या पुढें सरकविल्या. मुलगा मात्र आमच्याकडे आला व म्हणाला, "अण्णाआजोबा, तुम्ही अमेरिकेतल्या काकांना इथून पुस्तकं पाठवत होतात ना? तीसुद्धा फक्त भारतातच विकायची होती. मग ते काय होतं?"

पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न आम्हांस फार थोड्या वेळां विचारला गेला असेल. "विचार करून सांगतों," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली, आणि मग खरोखरीच विचार करावयास बसलों. त्या विचाराच्या निमित्तानें जें वाचावयास मिळालें तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्या घरांत बारा ते वीस वर्षांचें मूल आहे त्या घरांत हा वाद आज ना उद्यां होणारच.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. गव्हाचें पोतें एका गिऱ्हाइकास दिलें म्हणजे दुसऱ्यास देतां येत नाहीं. खेळाचें तसें नाहीं. मोठा खेळ तयार करण्यास शेंकडों माणसें व कित्येक वर्षें खर्चीं पडतात. पण एकदां तो तयार झाला, कीं त्याची लाखावी प्रत काढावयास जवळजवळ कांहींच लागत नाहीं. तेव्हां प्रत्येक प्रतीची किंमत तिच्या उत्पादन-खर्चावरून ठरूंच शकत नाहीं. ती गिऱ्हाइकाच्या ऐपतीवरून ठरते. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्याचा नफा देशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा असा बांधून दिला आहे. परंतु ज्या मालाची दुसरी प्रत फुकट निघते त्यावर शेंकडा दहा कशाचे काढावयाचे, हें त्या आचार्यास कोणी विचारलें असतें तर त्यानें काय उत्तर दिलें असतें, याचें आम्हांस कुतूहल आहे.

ऐपत पाहून भाव लावणें ही गोष्टहि आजची नव्हे. फ्रान्समध्यें ज्यूल द्युपुई नांवाचे एक स्थापत्यविशारद होऊन गेले. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांस छप्पर कां नसतें, याचा त्यांनीं १८४९ सालीं विचार केला. छप्परास असा कितीसा खर्च येणार! पण छप्पर घातलें, तर ज्यास दुसऱ्या वर्गाचें भाडें परवडतें तो मनुष्यहि तिसऱ्यांत येऊन बसेल, ही कंपनीची खरी धास्ती. गरिबास भिजविण्यांत तिला गोडी नव्हती. सधन उतारूस वरच्या वर्गांत अडकवून ठेवावयाचें होतें. पुढें १९२० सालीं पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें अशा भेदभावाचे तीन प्रकार करून दाखविले. त्यांतील तिसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडून प्रत्येक गटास निराळा भाव सांगणें. विद्यार्थ्यांस अर्धें तिकीट हें त्याचें आपल्या परिचयाचें उदाहरण. देशपरत्वें भाव हेंहि त्यांतलेंच. यांत नेहमीं छप्पर काढूनच घेतलें जातें असें नाहीं. कधीं कधीं ज्याला गाडींत बसतांच आलें नसतें त्यास बसावयास मिळतें.

आमच्या पिढीनें हा प्रकार खेळांत नव्हे, पुस्तकांत पाहिला. ब्रिटिश सरकारच्या साह्यानें निघणाऱ्या ई. एल. बी. एस. या खुणेच्या स्वस्त आवृत्त्या १९९७ पर्यंत मिळत असत. वैद्यकाच्या व स्थापत्याच्या किती विद्यार्थ्यांचा संसार त्यांवर चालला त्यास गणति नाहीं. अमेरिकन प्रकाशकांच्याहि अशा आवृत्त्या असत. कागद पातळ, चित्रें काळींपांढरीं, आणि वेष्टनावर ही प्रत अमुक देशांबाहेर विकूं नये अशी ओळ. त्या ओळीकडे आपण पुन्हां येऊं.

आमच्या नातवाचें दुकान म्हणजे 'स्टीम'. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत बेलव्ह्यू या गांवीं व्हॉल्व्ह नांवाची कंपनी आहे. तिनें तें २००३ सालीं इंटरनेटवर उघडलें, आणि आज संगणकावरच्या खेळांचें तेंच सर्वांत मोठें दुकान आहे. दुकान व्हॉल्व्हचें, माल प्रकाशकांचा. विक्रींतील साधारण शेंकडा तीस दुकानदार ठेवतो. फार खपाच्या खेळांवर त्याहून कमी. प्रकाशकानें डॉलरांत किंमत लिहिली, कीं दुकान त्याच्यापुढें प्रत्येक चलनांतील एक शिफारशीचा आंकडा ठेवतें. तो मानावा न मानावा ही त्याची मर्जी. छोटे प्रकाशक बहुधा डोळे मिटून तोच घेतात. मोठे आपलें गणित स्वतः करतात.

भारतांत स्टीमवर रुपयांतील भाव २०१५ सालीं आले. त्यापूर्वीं डॉलर मोजावे लागत, आणि परदेशीं चालणारें कार्ड ज्या घरांत नाहीं त्या घरच्या मुलास कितीहि पैसे सांठविले तरी खेळ घेतां येत नसे. रुपये आल्यावर पुष्कळ खेळ अमेरिकेच्या निम्म्या भावांत, कांहीं त्याहूनहि कमींत, मिळूं लागले. सर्वच प्रकाशकांनीं ही उदारता दाखविली असें मात्र नाहीं. प्लेस्टेशन ५ हें यंत्र निघालें तेव्हां, २०२० सालीं, सोनीनें त्यावरच्या आपल्या मोठ्या खेळास अमेरिकेंत ७० डॉलर व आपल्याकडे ४,९९९ रुपये किंमत ठेविली. त्या वेळच्या दरानें हिशेब केला तर दोन्ही रकमा जवळजवळ एकच येतात. ७० डॉलर मिळविण्यास तिकडच्या शिक्षकास किती तास राबावें लागतें व पांच हजार रुपये मिळविण्यास इकडच्या शिक्षकास किती दिवस, हें वाचकांस सांगावयास नको.

आतां तुर्कस्तानाकडे वळूं, व त्याच्या जोडीनें अर्जेंटिनाकडेहि. कारण या दोन देशांची कथा एकच आहे.

गरीब देशास सवलत द्यावयाची म्हणजे त्याच्या चलनांत एक आंकडा लिहावयाचा. चलन स्थिर असेल तोंवर हें ठीक. तुर्कस्तानांत २०१८ च्या आरंभीं एका डॉलरास चार लिरांहून कमी पडत. २०२३ च्या नोव्हेंबरांत अठ्ठावीसांहून अधिक पडूं लागले. ऑक्टोबर २०२२ मध्यें तेथील महागाईचा वार्षिक दर शेंकडा ८५ झाला होता. अर्जेंटिनाची स्थिति याहूनहि वाईट. तेथें २०२३ च्या एका वर्षांत भाव तिपटीहून अधिक झाले. खेळांच्या किंमती मात्र पुष्कळ प्रकाशकांनीं जुन्याच ठेविल्या, कोणी आळसानें, कोणी दयेनें. परिणाम असा, कीं कांहीं खेळ या दोन देशांत अमेरिकेच्या दहाव्या हिश्शानें मिळूं लागले.

ही वार्ता जगभर पसरावयास काय उशीर! न्यूयॉर्क, बर्लिन, लंडन येथील सुखवस्तु तरुण आपण ब्वेनोस आयरेसचे किंवा अंकाऱ्याचे रहिवासी आहों असें सांगूं लागले. तुर्की व अर्जेंटिनी गिफ्ट कार्डांचा एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला. दुकानानें २०२१ सालीं नियम केला, कीं खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदांच बदलतां येईल, आणि खरेदी त्या देशांतील भरण्याच्या साधनानेंच झाली पाहिजे. गर्दी थोडी हटली, पण थांबली नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें व्हॉल्व्हनें शिफारशीचे आंकडे जगभर नव्यानें काढले. त्यांत तुर्कस्तान व अर्जेंटिना यांचे पांच पटींहूनहि वर गेले. आणि अखेरीस २० नोव्हेंबर २०२३ रोजीं, म्हणजे आमचा नातू तुर्कस्तानचा रहिवासी होऊं पाहत होता त्याच्या पुढच्याच आठवड्यांत, त्या दुकानांतून लिरा व पेसो हीं दोन्ही चलनें काढून टाकण्यांत आलीं. दोन्ही देशांस आपापल्या शेजाऱ्यांच्या गटांत घालून डॉलर लागू केला गेला. प्रकाशकास या गटांकरितां कमी किंमत लिहिण्याची मुभा होती. परंतु ज्यानें ती लिहिली नाहीं, त्याच्या खेळास अमेरिकेचीच किंमत लागली.

दुकानानें कारण दिलें तें चलनाच्या अस्थिरतेचें, आणि तें खरेंच आहे. पण घसरलेल्या चलनाभोंवतीं बाहेरच्यांची एवढी दाटी झाली नसती, तर प्रकाशकांस तें नुकसान इतकें बोंचलें नसतें, असें आमचें मत आहे. इझमीरच्या एखाद्या विद्यार्थ्याचा विचार करावा. महागाईनें त्याची पावाची किंमत वाढविली, घरभाडें वाढविलें. एक करमणूक तेवढी त्याच्या आवांक्यांत उरली होती. एका रात्रींत कित्येक खेळांच्या किंमती त्याच्या चलनाच्या हिशेबानें अनेक पटींनीं चढल्या. आमच्या वाड्याच्या मागें एक आड होता. उन्हाळ्यांत त्यावर आळीची गर्दी होई आणि वैशाखांत घरच्या बायकांस गाळ उपसावा लागे. त्या मुलाच्या आडावर सगळें जग पाणी भरून गेलें.

येथपर्यंत वाचून आम्ही नातवास हांक मारणार होतों. पण त्याचा प्रश्न तुर्कस्तानाविषयीं नव्हता, आमच्याविषयीं होता.

आमचा धाकटा पुतण्या १९९६ सालीं उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला. दुसऱ्या वर्षीं त्याचें पत्र आलें, कीं येथें एकेक पुस्तक सत्तर-ऐंशी डॉलरांस आहे, तर काका, आपल्याकडची आवृत्ति मिळाल्यास धाडावी. आम्ही साताऱ्याहून मुद्दाम पुण्यास गेलों. अप्पा बळवंत चौकांत दोन तास हिंडून तीन पुस्तकें घेतलीं. तिन्ही मिळून हजार रुपयेहि झाले नाहींत. घरीं आणून तपकिरी कागदाचीं वेष्टनें घातलीं, आणि टपालखात्याच्या जहाजी पार्सलानें रवाना केलीं. पुढील दोन वर्षांत असे आणखी दोन गठ्ठे गेले. हें सर्व आम्हीं मोठ्या अभिमानानें घरांत सांगितलेलें असल्यामुळेंच तें नातवास ठाऊक होतें.

गंमत अशी, कीं आमच्यासारखेंच काम करणाऱ्या एकाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुपाप किर्तसेंग नांवाचा थायलंडचा एक विद्यार्थी १९९७ सालीं तिकडे शिकावयास गेला. त्याचे घरचे लोक तिकडून स्वस्त आवृत्त्या धाडीत, आणि तो त्या अमेरिकेंत विकी. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेनें २००८ सालीं त्याच्यावर दावा लाविला, व खालच्या न्यायालयांत त्यास ६ लाख डॉलर भरपाई देण्यास सांगण्यांत आलें. परंतु १९ मार्च २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्याच्या बाजूनें कौल दिला: कायदेशीर रीतीनें विकत घेतलेली प्रत ही घेणाऱ्याची झाली, ती कोठें छापली हा प्रश्न गौण आहे. तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें आम्ही सुटलों म्हणावयाचें, आणि शिवाय आम्हीं तर विक्रीहि केली नव्हती.

खेळाचें मात्र निराळें आहे. पुस्तक आपलें होतें. तें वाचून धाकट्या भावास देतां येतें, रद्दींत घालतां येतें. स्टीमवर घेतलेला खेळ आपला होतच नाहीं. आपणांस तो खेळण्याचा परवाना तेवढा मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्या दुकानांत पैसे भरतांना तशी स्पष्ट सूचनाच दाखविली जाते. परवाना अटींवर असतो, आणि खरा देश सांगणें ही त्यांतील एक अट. ती मोडली तर खातें बंद होऊं शकतें, व त्याबरोबर आजवर घेतलेले सगळे खेळहि जातात.

हा भेद आम्हीं मनांत पक्का केला, आणि तरीहि आमचें समाधान झालें नाहीं. कारण त्या तपकिरी वेष्टनांची आठवण. पुस्तकांस वेष्टन घालणें हें मास्तराचें व्रतच आहे; परंतु ज्या ठिकाणीं ती 'बाहेर विकूं नये' ही ओळ होती तेथें आम्हीं कागदाची एक पट्टी खळीनें चिकटविली होती. टपालांत कोणी उघडून पाहील म्हणून. म्हणजे त्या वेळीं आम्हांस ठाऊक होतें.

आतां गिऱ्हाइकाच्या सामर्थ्याविषयीं. 'आपण काय करणार, कंपन्या एवढ्या मोठ्या,' असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. खेळांच्या बाजारांत तें तितकेंसें खरें नाहीं.

पोलंडांत जी. ओ. जी. नांवाचें एक दुकान आहे. जगभर एकच भाव हें त्याचें ब्रीद होतें. २०१४ च्या फेब्रुवारींत कांहीं नव्या खेळांपुरतें तें सोडण्याचें त्यानें जाहीर केलें. गिऱ्हाइकांनीं असा कोलाहल केला कीं मार्चांतच दुकानास माघार घ्यावी लागली. त्याच वर्षीं पुढें देशपरत्वें भाव आलेच. पण ज्यास अमेरिकन भावाहून अधिक द्यावें लागे त्यास फरकाची रक्कम दुकानाच्या खात्यांत परत मिळण्याची सोय झाली, आणि ती ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली. हें वाचून आम्हांस प्रथम फार आनंद झाला. नंतर लक्षांत आलें, कीं हा लाभ होता तो मुख्यतः युरोप व ऑस्ट्रेलिया येथील, अमेरिकेहून अधिक मोजणाऱ्या गिऱ्हाइकांचा. 'सर्वांस एकच भाव' हें वाक्य कानास न्यायाचें लागतें; साताऱ्यांत बसून ऐकलें म्हणजे तेंच वाक्य फार महाग पडतें.

युरोपीय संघाचा न्याय असाच दुधारी आहे. पोलंड, हंगेरी, रुमानिया अशा आठ देशांत स्वस्तांत घेतलेले खेळ इतर युरोपांत चालूं नयेत अशी कुलुपें घातल्याबद्दल व्हॉल्व्ह व पांच प्रकाशक यांना संघानें जानेवारी २०२१ मध्यें मिळून ७८ लाख युरो दंड केला. एका बाजारांत भिंती नकोत हें तत्त्व उत्तम. पण भिंत पाडल्यावर जर्मनीचा भाव खालीं येतो कीं पोलंडचा वर जातो, हें प्रकाशकाच्या हातीं राहतें.

सर्वांत बोधप्रद प्रसंग २०२४ सालचा. स्वीडनमधील ॲरोहेड या मंडळीनें केलेला व सोनीनें प्रकाशित केलेला 'हेलडायव्हर्स २' हा खेळ त्या वर्षीं फेब्रुवारींत निघाला आणि अतोनात खपला. ३ मे रोजीं सोनीनें फर्मान काढलें, कीं संगणकावर खेळणाऱ्यांनींहि प्लेस्टेशन नेटवर्कचें खातें जोडलेंच पाहिजे. शंभराहून अधिक देशांत असें खातें उघडण्याची सोयच नव्हती. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिलिपाइन्स येथील ज्या गिऱ्हाइकांनीं पूर्ण पैसे मोजले होते, त्यांच्या हातांतून घेतलेला खेळ जाणार असें दिसूं लागलें. मग काय झालें? तीन दिवसांत दुकानाच्या पाटीवर दोन लाखांहून अधिक प्रतिकूल अभिप्राय लिहिले गेले, पुष्कळांनीं पैसे परत मागितले, आणि ६ मे रोजीं सोनीनें फर्मान मागें घेतलें. (त्या देशांतील नवी विक्री मात्र पुढें कित्येक महिने बंदच राहिली, हेंहि नमूद केलें पाहिजे.)

लाटव्हियाची लोकसंख्या ती केवढी? वीस लाखांच्याहि आंत. एकट्या त्या देशानें कितीहि हांका मारल्या असत्या तरी टोकियोपर्यंत पोंचल्या नसत्या. पोंचल्या त्या अमेरिकन व जर्मन खेळाडूंच्या. त्यांना स्वतःला खातें उघडण्यास पांच मिनिटें पुरलीं असतीं. तरीहि ते आपल्या बरोबरीच्या, ज्यांच्या खांद्यास खांदा लावून रोज खेळत होते, त्या माणसांसाठीं ओरडले. पुढें जुलै २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें 'द आउटर वर्ल्ड्स २' या खेळाची जाहीर केलेली ८० डॉलरांची किंमत, गिऱ्हाइकांचा रोष पाहून, ७० वर आणली. अमेरिकन गिऱ्हाईक नाराज झालें, कीं भाव हालतो. परंतु लिरा व पेसो गेले त्या नोव्हेंबरांत तुर्कस्तान व अर्जेंटिना यांच्यासाठीं बाहेरचें कोण ओरडलें? ओरडण्याजोगे जे होते त्यांतले कित्येक त्या आडावरून पाणी भरून आधींच घरीं गेले होते.

आमच्या मतें देशपरत्वें भावाचा खरा दोष हा. तो गिऱ्हाइकांस निरनिराळ्या खोल्यांत बसवितो. एका खोलींतल्याचें दुःख दुसऱ्या खोलींत ऐकूं जात नाहीं; आणि भिंतीस कोणी भोंक पाडलेंच, तर तें पलीकडचें ऐकण्यासाठीं नव्हे, पलीकडचें ताट उचलण्यासाठीं. तरीहि हा भेद नको असें आम्ही म्हणणार नाहीं. तो नसता तर आमच्या घरांत तो खेळ आलाच नसता.

आणि प्रकाशक म्हणजे नेहमीं दूरचा धनाढ्य असेंहि नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावास शोधावयास निघालेल्या एका मुलीची ती कथा. ती दुर्गा व विष्णु यांच्या मुखांतून सांगितली आहे, आणि चित्रें पहाडी शैलीच्या वळणाचीं आहेत. २०१७ सालीं त्यांनीं लोकांकडून वर्गणी जमविण्याचा यत्न केला होता, तो फसला. तरी त्यांनीं खेळ पुरा केला. अशा मंडळीस भारतांत भाव कमी ठेवावयाचा तर तो परदेशांतील विक्रीच्या बळावरच ठेवतां येणार. उद्यां अमेरिकेचें गिऱ्हाईक भारताचा रहिवासी होऊन आलें, तर घाटा पुण्यास.

भाऊबीज झाल्यावर आम्हीं नातवास बोलाविलें. आड, किर्तसेंग, सर्व सांगितलें. त्या चिकटविलेल्या पट्टीचेंहि सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "म्हणजे तुमचं पण चुकलंच ना?" आम्हीं म्हटलें, "पुस्तकं पाठवलीं त्याचं वाईट वाटत नाहीं. पट्टी चिकटवली त्याचं वाटतं." या उत्तरानें त्याचें समाधान झालें कीं नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून समजलें नाहीं. तुर्कस्तानचा नाद त्यानें सोडला खरा. पण तो आमच्या उपदेशामुळें कीं पुढच्या आठवड्यांत ती वाटच बंद झाल्यामुळें, हें आम्हीं विचारलें नाहीं. डिसेंबरच्या अखेरीस दुकानाची सवलतीची विक्री लागली, तेव्हां तोच खेळ त्यास रुपयांतच निम्म्या किंमतींत मिळाला, आणि अठराशेंतले कांहीं उरले.

आतां तो अकरावींत आहे. गेल्या महिन्यांत तो एक पत्र घेऊन आमच्याकडे आला. परदेशांतील एका लहानशा प्रकाशकानें आपल्या नव्या खेळाची रुपयांतली किंमत डॉलरांइतकीच ठेविली होती. त्यानें व त्याच्या तीन मित्रांनीं मिळून त्या प्रकाशकास इंग्रजींत लिहिलें होतें, कीं आमच्या वर्गांतले अकरा जण तुमचा खेळ अमुक किंमतीस घेण्यास तयार आहेत, आजच्या किंमतीस एकहि नाहीं. तरी दुकानाच्या शिफारशीचा आंकडा आपण एकदां पाहावा. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरी दोन ठिकाणीं 'मागणी' होती तेथें आम्हीं 'विनंति' केली. त्यानें पत्र परत नेलें, एक विनंति राहूं दिली, दुसरीच्या जागीं पुन्हां मागणी घातली, आणि चौघांच्या सह्यांखालीं पत्ता लिहिला: सातारा, महाराष्ट्र, भारत.